वरसईचे प्रवासी विष्णुभट गोडसे

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी नावाचे लहानसे गाव आहे. गडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने उभा कडा उतरून घरी गेलेल्या हिरकणी गवळणीची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. तिचेच नाव या वाडीस मिळाले आहे. आज तेथून रोपवेने काही मिनिटांत गडावर जाता येते. पूर्वी मात्र गड चढणे म्हणजे मोठे कष्टाचे काम होते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हा गड चढून गेला. दरबारातून बाहेर पडताना दाराशी उभे केलेले हत्ती त्याच्या दृष्टीस पडले. एवढ्या बिकट वाटेने हे प्राणी वर आणले तरी कसे, याचे त्यास मोठे नवल वाटले, आणि ते नवल त्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले.

परमुलखातून आलेल्या अशा प्रवाशांनी आपल्या देशाविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. आपले लोकही काही कमी प्रवास करीत नसत. काशी, रामेश्वर, जगन्नाथपुरी अशा दूरच्या यात्रा ते पायी करीत. परंतु वाटेत पाहिलेल्या गोष्टी ते घरी आल्यावर ओटीवर बसून मुलानातवंडांस सांगत, आणि सांगणाऱ्याबरोबरच त्या गोष्टीही लोपून जात. या रिवाजाला एक मोठा अपवाद याच रायगड जिल्ह्यात होऊन गेला. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे ते गृहस्थ होत. त्यांनी पाहिलेल्या गोष्टी त्यांच्याबरोबर लोपल्या नाहीत, म्हणूनच झाशीच्या राणीची दिनचर्या कशी होती, ती कशी बोले, कशी वागे, हे आज आपणांस कळू शकते.

विष्णुभटांचा जन्म १८२७ च्या सुमारास झाला. घरची परंपरा वेदपठणाची आणि भिक्षुकीची होती. पेशवाई असताना विद्वान ब्राह्मणांस पुण्यात दक्षिणा मिळे, मोठमोठ्या सरदारांच्या घरी आश्रय मिळे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे आधार एकामागून एक तुटले. कोकणातील भातशेती ती केवढी! तिच्यावर मोठे कुटुंब पोसले जाणे कठीण. त्यातून घरातील लग्नकार्यांचे कर्ज झालेले. विष्णुभट घरातील कर्ते पुत्र असल्यामुळे ते कर्ज फेडण्याची काळजी त्यांस रात्रंदिवस लागून राहिली होती.

अशा वेळी एक वार्ता कोकणापर्यंत येऊन पोहोचली. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई मथुरेस एक मोठा यज्ञ करणार असून त्यासाठी लाखो रुपये दक्षिणा वाटली जाणार आहे, अशी ती वार्ता होती. यज्ञकर्मात निपुण असलेल्या विष्णुभटांस वाटले की, दैवाने आपल्यासाठीच हे दार उघडले आहे. परंतु घरातून परवानगी मिळणे सोपे नव्हते. आईवडील वृद्ध झाले होते. मथुरा शेकडो कोस दूर. घाटातून आगगाडी जाऊ लागली ती १८६३ साली; त्या वेळी कोकणातून उत्तरेकडे जाणाऱ्या सामान्य माणसास आपल्या पायांचाच भरवसा होता. वाटेत चोर, नद्यांचे पूर, रोगराई यांचे भय असे. गेलेला माणूस परत येईलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नसे. अखेरीस काका रामभट बरोबर जाण्यास सिद्ध झाले, तेव्हा घरच्यांनी जड अंतःकरणाने निरोप दिला. १८५७ सालच्या मार्च महिन्याच्या सुमारास काका-पुतणे वरसईहून निघाले.

त्या वेळच्या पायी प्रवासाची कल्पना आज सहजी येणार नाही. कोस म्हणजे सुमारे तीन किलोमीटर. पहाटे उठून चालू लागावे, ऊन चढले की नदीच्या किंवा विहिरीच्या काठी थांबून स्नानसंध्या करावी, तीन दगडांची चूल मांडून भात शिजवावा, आणि ऊन कलल्यावर पुढचा मुक्काम गाठावा. रात्री धर्मशाळेत, देवळात किंवा ओळखीच्या माणसाच्या ओसरीवर पथारी पसरावी. बरोबर पूजेचे साहित्य, दोन-चार वस्त्रे, शिजवण्याचे भांडे आणि कमरेस बांधलेले थोडे पैसे, एवढाच संसार. अशा रीतीने पुणे, अहमदनगर अशी ठिकाणे मागे टाकीत आणि सातपुड्याची अरण्ये ओलांडीत हे दोघे माळव्याच्या दिशेने चालले.

माळव्यात महूची इंग्रजांची छावणी होती. त्या बाजूस जात असता त्यांस काही शिपाई भेटले. शिपायांनी या दोघा कोकणी भटजींस सांगितले की, लवकरच मोठा दंगा होणार आहे, तेव्हा तुम्ही परत फिरावे. इंग्रजांनी नव्या बंदुकांसाठी दिलेल्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे, असा शिपायांचा समज झाला होता. ती काडतुसे दातांनी तोडावी लागत. त्यामुळे हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही मनात संताप पेटला होता. इंग्रजांनी आपला धर्म बुडविण्यासाठी चौऱ्याऐंशी कलमांचा हुकूम काढला आहे, अशीही एक वार्ता पसरली होती. तसा हुकूम इतिहासात कोठे आढळत नाही. पण विष्णुभटांनी ती वार्ता जशी कानी आली तशी लिहून ठेवली, म्हणून त्या दिवसांत लोक बाजारात आणि वाटेवर काय बोलत होते, कशाला भीत होते, हे आपणांस समजते.

काका-पुतण्यांपुढे आता मोठा प्रश्न उभा राहिला. परत फिरावे, तर कर्ज तसेच राहणार. पुढे जावे, तर प्राणाशी गाठ. त्यांनी पुढे जाण्याचे ठरविले. १० मे १८५७ रोजी मेरठेस शिपाई उठले, दिल्ली त्यांच्या हाती गेली, आणि पाहता पाहता उत्तर हिंदुस्थानात वणवा भडकला. मथुरेच्या यज्ञाचा विचार मागे पडला. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असा प्रवास करीत, मिळेल तेथे अनुष्ठान किंवा वेदपठण करून दक्षिणा जोडीत, हे दोघे अखेर झाशीस येऊन पोहोचले.

झाशीस आल्यावर विष्णुभटांस परमुलखात आल्यासारखे वाटले नसेल. तेथील नेवाळकरांचे राजघराणे मूळचे कोकणातले. राणी लक्ष्मीबाईंचे माहेरही मराठी, तांब्यांचे. शहरात मराठी कुटुंबे होती, मराठी बोली कानी पडे, आणि महाराष्ट्रातल्याप्रमाणेच सणवार होत. राणीचे पती गंगाधरराव १८५३ साली वारले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा इंग्रजांनी मान्य केला नाही आणि १८५४ साली झाशीचे राज्य खालसा केले. आता बंडाच्या धामधुमीत राज्याचा कारभार पुन्हा राणीच्या हाती आला होता. विष्णुभट वेदशास्त्रसंपन्न असल्यामुळे त्यांचा राजवाड्यात प्रवेश झाला आणि राणीस जवळून पाहण्याची संधी त्यांस मिळाली.

त्यांनी रेखाटलेले राणीचे चित्र मोठे सजीव आहे. राणी पहाटे उठून व्यायाम करी, घोड्यावर रपेट करी, मग स्नान आणि पूजा आटोपून दरबारात बसे. कधी ती पुरुषी पोशाखात येई, तर कधी साध्या पांढऱ्या लुगड्यात. तक्रारी ती स्वतः ऐकून घेई आणि निवाडाही चटकन देई. शहराबाहेर तळ्याच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ होते. तेथे दर्शनास ती लवाजम्यासह जात असे.

एकदा असे झाले की, दर्शन घेऊन परतताना वेशीपाशी भिकाऱ्यांचा मोठा जमाव ओरडत असलेला राणीने पाहिला. हे लोक काय मागतात, म्हणून तिने दिवाणांस विचारले. थंडी फार पडली असून गरिबांस अंगावर घेण्यास काही नाही, असे उत्तर मिळाले. राणीने तत्काळ आज्ञा केली की, चार दिवसांच्या आत शहरातील सर्व गोरगरिबांस टोपी, बंडी आणि पांघरूण मिळाले पाहिजे. शहरातील शिंपी कामास लागले, आणि ठरल्या दिवशी ते वाटप झाले. ही घटना कोणत्याही लढाईच्या वृत्तान्तात आली नसती. राजवाड्याच्या दाराशी उभे राहून पाहणाऱ्या एका भिक्षुकाच्या लक्षात ती राहिली, म्हणून ती टिकली.

झाशीतील आणखी एका गोष्टीने विष्णुभटांचे मन मोहून गेले होते. ती म्हणजे राजवाड्यातील ग्रंथसंग्रह. वेद, शास्त्रे, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशा नाना विषयांच्या हस्तलिखित पोथ्या तेथे जतन केलेल्या होत्या. विष्णुभटांसारख्या पोथ्यांवर जगणाऱ्या माणसास हा संग्रह रत्नभांडारासारखा वाटला असल्यास नवल नाही.

१८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोझ याचे सैन्य झाशीपुढे येऊन ठेपले. चैत्राचा महिना होता. राजवाड्यात चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले होते, आणि त्याच महिन्यात शहरावर तोफांचे गोळे पडू लागले. विष्णुभट आणि रामभट शहरात अडकले. रात्री आकाशातून तांबडे गोळे येताना दिसत आणि तो कोणाच्या घरावर पडतो, इकडे सर्वांचे डोळे लागून राहत. तटाला दिवसा खिंडार पडे आणि रात्रीतून गवंडी ते बुजवून टाकीत. बायका आणि मुलेसुद्धा तोफांकडे दारूगोळा आणि पाणी पोहोचवीत होती. तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीस आले, तेव्हा सर्वांस धीर आला. पण १ एप्रिल रोजी बेतवा नदीच्या काठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रजी फौज तट ओलांडून शहरात शिरली. त्यानंतर एका रात्री राणी आपल्या दत्तक पुत्रास घेऊन घोड्यावरून शहराबाहेर निसटली.

पुढचे काही दिवस झाशीच्या इतिहासातील अत्यंत दुःखाचे होत. शेकडो निरपराध माणसे मारली गेली, घरांस आगी लागल्या. लूटही अशी झाली की, आधी सोने, रुपे आणि जडजवाहीर गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, आणि शेवटी धान्यसुद्धा. विष्णुभट आणि त्यांचे काका लपून बसल्यामुळे जिवानिशी वाचले, पण वर्षभर कणाकणाने जोडलेली दक्षिणा हातची गेली. ज्या कर्जासाठी घर सोडले, ते फेडण्याची आशा त्या लुटीत संपली. इतके असूनही, आपल्या हानीचे दुःख सांगून ते थांबले नाहीत. त्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाला, पोथ्या फाडून आणि जाळून टाकल्या गेल्या, याची हळहळ त्यांनी मनापासून नोंदविली आहे. पैसा पुन्हा मिळेल, पण एकच प्रत असलेली पोथी गेली की ती विद्याच गेली, हे त्यांच्यासारख्या माणसास पुरते ठाऊक होते.

झाशीतून बाहेर पडल्यावर हे दोघे काल्पीच्या बाजूस चालले असता एक विलक्षण प्रसंग घडला. विष्णुभट एका विहिरीपाशी होते. तेवढ्यात काही घोडेस्वार तेथे आले. त्यांत पठाणी पोशाख केलेली, अंगभर धुळीने माखलेली एक व्यक्ती होती. ती राणी लक्ष्मीबाई होती. तहानेने तिचा कंठ सुकला होता. विष्णुभटांनी तिला ओळखले आणि पाणी काढून देण्यास ते पुढे झाले. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे, हे तिला योग्य वाटले नाही. तिने दोर आणि मातीचे मडके आपल्या हाती घेतले, स्वतः पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. सिंहासनावर बसलेली राणी विष्णुभटांनी पाहिली होती. आता राज्य गेलेली, थकलेली, तरीही दुसऱ्याचा मान राखणारी राणी त्यांनी पाहिली. थोड्याच दिवसांत, १८५८ च्या जून महिन्यात, ग्वाल्हेरजवळच्या लढाईत तिला वीरमरण आले.

यानंतर विष्णुभट उत्तरेतील क्षेत्रे पाहत फिरले. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, लखनौ, काशी अशी ठिकाणे त्यांनी पाहिली. ब्रह्मावर्तास नानासाहेब पेशव्यांचा वाडा इंग्रजांनी उद्ध्वस्त केला होता. जेथे एके काळी पंक्तीच्या पंक्ती उठत, तेथे आता मातीचे ढीग उरले होते. गंगा मात्र पूर्वीप्रमाणेच वाहत होती, आणि यात्रेकरू तिच्या काठी स्नानास येत होते.

घरी परतण्याची वेळ आली, तेव्हा विष्णुभटांच्या गाठी धन नव्हते. रिकाम्या हातांनी आईवडिलांपुढे कसे जावे? त्यांनी गंगेचे पाणी कावडीत भरून घेतले आणि ती कावड घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. उन्हापावसात, घाटांतून आणि ओढ्यांतून, ते पाणी न सांडता शेकडो कोस नेणे म्हणजे एक व्रतच होते. कावड वाहणाऱ्यास सोवळेओवळे पाळावे लागे, विसावा घेताना ती जपून ठेवावी लागे, आणि दिवसाची मजलही बेतानेच करावी लागे. सुमारे अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट वरसईस पोहोचले. मुलाची आशा सोडून बसलेल्या आईवडिलांस किती आनंद झाला असेल, हे सांगावयास नको. मुलाने त्यांस घरच्या अंगणात गंगास्नान घातले. काशीस जाण्याचे बळ ज्यांच्या अंगी उरले नव्हते, त्यांच्या दारी गंगाच चालत आली.

विष्णुभट पुढे वरसईस पूर्वीप्रमाणेच भिक्षुकी करून राहिले. त्यांच्या तोंडून बंडाच्या आठवणी अनेकांनी ऐकल्या असतील. परंतु त्यांचे मोल ओळखले ते चिंतामणराव वैद्य यांनी. विष्णुभट हे वैद्यांच्या घरचे उपाध्याय. पुढे महाभारताचे आणि मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून नावारूपास आलेल्या चिंतामणरावांनी त्यांस हा सर्व वृत्तान्त लिहून काढण्याचा आग्रह केला. १८८३ च्या सुमारास, म्हणजे प्रवासाला पंचवीस वर्षे होऊन गेल्यावर, विष्णुभटांनी लेखणी हाती घेतली. तोपर्यंत त्यांनी काही ग्रंथलेखन केलेले नव्हते. जसे सांगत, तसेच ते लिहीत गेले. म्हणूनच त्या लेखनात ओटीवरच्या गोष्टीचा गोडवा उतरला आहे.

मात्र इंग्रजी अमलात ही हकीकत उघड करणे धोक्याचे होते. बंडात सापडलेल्या माणसाकडे सरकार संशयाने पाहत असे. त्यामुळे ते हस्तलिखित बरीच वर्षे तसेच राहिले. पुढे १९०७ साली वैद्यांनी काही फेरफार करून ते ‘माझा प्रवास’ या नावाने छापून प्रसिद्ध केले. तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवण्यात आले, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली ग्रंथाची मूळ संहिता प्रसिद्ध केली. अमृतलाल नागर यांनी तो हिंदीत नेला, आणि एकविसाव्या शतकात त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली. ज्या झाशीत विष्णुभट फिरले, तेथील लोकही आज आपल्या शहराची कथा त्यांच्या शब्दांत वाचू शकतात.

या ग्रंथात दोष नाहीत, असे नव्हे. पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिल्यामुळे काही तिथ्या चुकल्या आहेत. जे दुसऱ्यांकडून ऐकले, त्यात अफवाही मिसळल्या आहेत. इतिहासकार तो वाचताना इतर कागदपत्रांशी ताडून पाहतात. तथापि, १८५७ च्या उठावाविषयी सेनापतींनी आणि अधिकाऱ्यांनी लिहिलेले साहित्य पुष्कळ असले, तरी एका सामान्य हिंदी माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या भाषेत लिहिलेली अशी हकीकत फार विरळा आहे. तोफ कोणत्या मोर्चावर होती, हे सेनापतीने लिहिले. त्या तोफेखाली सापडलेल्या घरात चूल पेटली की नाही, हे विष्णुभटांनी लिहिले.

विष्णुभट दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडले होते, ती दक्षिणा झाशीच्या लुटीत गेली. आईवडिलांसाठी आणलेले गंगाजल त्यांच्या मस्तकावर वाहून गेले. झाशीच्या पोथ्यांची राख झाली. त्या साऱ्या प्रवासातून जे उरले, ते एका माणसाच्या स्मरणात होते, आणि त्याने ते वेळीच कागदावर उतरविले. वरसईच्या या भटजींचे एवढेच धन पुढच्या पिढ्यांच्या हाती आले आहे, आणि ते अजून खर्चून संपलेले नाही.